अकरा मैल, बेचाळीस हजार डॉलर

न्यूयॉर्क शहराच्या उत्तर टोकाला ब्राँक्स आहे. तिथून आणखी उत्तरेला अकरा मैलांवर, म्हणजे साधारण १८ किलोमीटरवर, स्कार्सडेल नावाचं उपनगर लागतं. दादरहून लोकलने मालाडला जावं एवढंच हे अंतर. २००२-०३ साली न्यूयॉर्क शहरातल्या सरकारी शाळांच्या शिक्षकांचा मध्यक पगार वर्षाला ५३,००० डॉलर होता. म्हणजे निम्म्या शिक्षकांना याहून कमी मिळत होते आणि निम्म्यांना जास्त. स्कार्सडेलमध्ये हाच आकडा ९५,००० च्या वर होता. फरक ४२,००० डॉलरचा. अंतराने भागून पाहिलं, तर दर किलोमीटरमागे वर्षाला २,३०० डॉलर. राज्य एकच, शिकवण्याची पात्रता ठरवणारं प्रमाणपत्र त्याच राज्याचं, आणि तिसरीच्या मुलांना शिकवायचे भागाकार दोन्हीकडे सारखेच.

हे आकडे जोनाथन कोझोल यांनी मांडले आहेत. ते स्वतः एकेकाळी बॉस्टनच्या शाळेत शिक्षक होते आणि पुढचं सगळं आयुष्य त्यांनी अमेरिकेतल्या गरीब वस्त्यांमधल्या शाळा पाहण्यात घालवलं. त्यांनी दिलेले १९९७-९८ चे आकडे पाहिले, तर शहर ४३,००० च्या घरात होतं आणि स्कार्सडेल ८१,००० वर. पाच वर्षांत शहराने पगार वाढवले, पण तेवढ्या वेळात स्कार्सडेलही पुढे सरकलं.

या ४२,००० डॉलरचं पुढे काय होतं तेही पाहू. तीस वर्षांची नोकरी धरली आणि दोन्हीकडे पगार एका पैशाने वाढला नाही असं मानलं, तर फरक १२,६०,००० डॉलरचा होतो. निवृत्तिवेतन पगाराच्या निम्मं धरलं, तर निवृत्तीनंतरही दरसाल २१,००० चा फरक आहेच, आणि निवृत्तीनंतर माणूस वीस वर्षं जगला तर त्यात आणखी ४,२०,००० डॉलरची भर पडते. सोळा लाख ऐंशी हजार डॉलर, आणि हे सगळं कोणत्या गावच्या शाळेत पहिला अर्ज केला एवढ्यावरून.

कागदावर मात्र हा फरक इतका दिसत नव्हता. अमेरिकन शिक्षकाचा पगार एका तक्त्यावर ठरतो. डावीकडून खाली नोकरीची वर्षं, वर आडवी पदवी: बी.ए., बी.ए. अधिक काही अभ्यासक्रम, एम.ए., त्यापुढे आणखी. जिथे आडवी ओळ उभ्या रकान्याला भेटते त्या चौकोनात पगार लिहिलेला असतो. हा तक्ता कुणालाही पाहता येतो, त्यात लपवाछपवी नसते. २००२ च्या करारात न्यूयॉर्क शहराने नव्या शिक्षकाचा पगार सुमारे ३२,००० वरून ३९,००० केला आणि तक्त्याच्या तळाचा सर्वांत मोठा आकडा ७०,००० वरून ८१,००० वर नेला. कमी खर्च करणाऱ्या उपनगरांच्या तोडीचा हा तक्ता होता. तरी मध्यक ५३,००० वरच राहिला, कारण शहरातले पुष्कळसे शिक्षक तक्त्याच्या वरच्या डाव्या कोपऱ्यातच होते. खालच्या चौकोनांपर्यंत पोचायला पंधरा-वीस वर्षं टिकावं लागतं, आणि तेवढं टिकण्याआधीच माणसं निघून जात होती. पगाराचा तक्ता आणि हातात पडणारा पगार यांतलं हे अंतर लक्षात ठेवायला हवं. शहर-उपनगराची तुलना करताना नेमकं तेच झाकून टाकलं जातं.

आता सगळ्या देशाचा हिशेब घेऊ. अमेरिकेत सरकारी शाळांमध्ये सुमारे ३२ लाख शिक्षक आहेत आणि त्यांच्यापुढे सुमारे पाच कोटी मुलं बसतात. २०२३-२४ मध्ये शिक्षकाचा देशभराचा सरासरी पगार ७२,०३० डॉलर होता. गुणाकार केला की वर्षाला सुमारे २३,००० कोटी डॉलर होतात. डॉलरला ८५ रुपये धरले तर ही रक्कम साडेएकोणीस लाख कोटी रुपयांच्या आसपास जाते. महाराष्ट्र सरकारचा २०२५-२६ चा अख्खा अर्थसंकल्प सुमारे सात लाख कोटींचा आहे. म्हणजे आपल्या राज्याचे रस्ते, धरणं, दवाखाने, पोलीस, पगार, कर्जाचं व्याज सगळं मिळून जेवढं होतं, त्याच्या पावणेतीन पट रक्कम तिथे नुसत्या शाळामास्तरांच्या पगारावर जाते.

या डोंगराएवढ्या रकमेची वाटणी करणारं एकच एक कार्यालय मात्र कुठेच नाही. देशात सुमारे १३,००० स्कूल डिस्ट्रिक्ट आहेत. प्रत्येकाचं निवडून आलेलं किंवा नेमलेलं मंडळ, प्रत्येकाची हद्द, आणि बहुतेक ठिकाणी प्रत्येकाचा शिक्षक संघटनेशी वेगळा करार. हवाई बेटांचं अख्खं राज्य मिळून एकच डिस्ट्रिक्ट आहे. उलट न्यू जर्सी हे राज्य आपल्या पुणे जिल्ह्याच्या जेमतेम दीडपट, आणि तिथे सुमारे ६०० डिस्ट्रिक्ट. अशा तुकड्या-तुकड्यांतून देशाची सरासरी निघते, त्यामुळे तिच्या पोटात काय काय दडलंय ते सरासरीवरून कळत नाही. कॅलिफोर्नियाचा सरासरी पगार १,०१,०८४ डॉलर, मिसिसिपीचा ५३,७०४, आणि देशभरातल्या नवख्या शिक्षकाचा ४६,५२६.

न्यू जर्सीत मराठी माणसं पुष्कळ आहेत, आणि तिथे घर घेणाऱ्या कुठल्याही मराठी कुटुंबाला या साऱ्याची ओळख पुस्तकाआधी घरपट्टीच्या बिलातून होते. घर पाहताना स्वयंपाकघर किती मोठं हे नंतर विचारलं जातं. आधी विचारतात, ‘स्कूल डिस्ट्रिक्ट कुठलं?’ घर घेतलं की बिल येतं. त्यावर काउंटीचा कर वेगळा, गावाचा वेगळा आणि शाळेचा वेगळा छापलेला असतो, आणि बहुतेक ठिकाणी शाळेचाच आकडा सर्वांत मोठा. २०२४ मध्ये या राज्यात घरामागे सरासरी कर दहा हजार डॉलरच्या पुढे गेला. त्यातला निम्म्याहून थोडा जास्त शाळांचा. म्हणजे ज्या घरात शाळेत जाणारं एकही मूल नाही, तेही वर्षाला पाच हजारांवर डॉलर गावच्या शाळेला देतं. ढोबळ मानाने बोलायचं तर अमेरिकन शाळेच्या दहा डॉलरमधला जेमतेम एक वॉशिंग्टनहून येतो. उरलेले नऊ राज्य आणि गाव मिळून जवळपास निम्मे निम्मे घालतात, आणि गावाचा वाटा मुख्यतः घरादाराच्या किमतीवर वसूल होतो. घरं महाग असलेल्या गावाला शाळेसाठी पैसा जमवणं सोपं जातं. तिथला शिक्षक चांगला पगार घेतो, शाळेचं नाव होतं, नावामुळे घरं आणखी महागतात. आपली माणसं या चक्राच्या लाभाच्या बाजूला आहेत आणि मुलांसाठी त्यांनी तसं करणं मी समजू शकतो. पण हद्दीपलीकडच्या मुलाच्या वाट्याला काय येतं, हेही त्यांनी त्याच बिलावरून ओळखावं असं मला मनापासून वाटतं.

मराठी वाचकाला हे चमत्कारिक वाटेल, कारण आपली घडी वेगळी आहे. सातव्या वेतन आयोगानुसार प्राथमिक शिक्षकाची वेतनश्रेणी २९,२०० ते ९२,३००. ती गडचिरोलीतही तीच आणि मुंबईतही तीच. फरक पडतो तो घरभाडे भत्त्याचा. आयोग लागू झाला तेव्हाच्या दराने महानगरात मूळ वेतनाच्या २४ टक्के, लहान गावात ८ टक्के. पहिल्या पायरीवर हा फरक महिन्याला ४,६७२ रुपयांचा होतो आणि तो राहण्याच्या खर्चापोटी असतो. आपल्याकडे काही कमी अन्याय नाही. शिक्षणसेवकाला पहिली तीन वर्षं महिना १६,००० रुपये मानधनावर काढावी लागतात, आणि विनाअनुदानित शाळांतल्या शिक्षकांची परवड त्याहून वाईट. पण गावातली घरं स्वस्त आहेत म्हणून तिथल्या जिल्हा परिषद शाळेच्या मास्तरांची श्रेणीच खालची, असा नियम आपण केला नाही. अमेरिकेत तसा नियम कुणी लिहून ठेवलेला नाही. हद्दी आखल्या आणि घरांवर कर लावला, की तो आपोआप लागू होतो.

तो कसा लागू होतो हे टेक्सासमधल्या सॅन अँटोनियो शहरात आकड्यानिशी सिद्ध झालेलं आहे. शहराच्या आतल्या भागात एजवूड नावाचं डिस्ट्रिक्ट. २५ शाळा, २२,००० मुलं, त्यांतली दहातली नऊ मेक्सिकन वंशाची. त्याच काउंटीत अलामो हाइट्स हे सधन आणि मुख्यतः गोऱ्यांचं डिस्ट्रिक्ट. सहा शाळा आणि ५,००० मुलं. १६ मे १९६८ रोजी एजवूड हायस्कूलची सुमारे चारशे मुलं वर्ग सोडून बाहेर पडली आणि मोर्चाने निघाली. पडकी इमारत आणि पात्र शिक्षकांची वानवा, ही त्यांची तक्रार होती. त्यांच्यामागे पालक उभे राहिले. त्यांतल्या डिमेट्रिओ रॉड्रिग्ज यांच्या नावाने खटला उभा राहिला. ते केली हवाई तळावर पत्र्याचं काम करणारे कारागीर होते.

खटल्यात पुढे आलेले १९६७-६८ चे आकडे सावकाश वाचण्यासारखे आहेत. एजवूडमध्ये एका मुलामागे करपात्र मालमत्ता ५,९६० डॉलरची, अलामो हाइट्समध्ये ४९,००० च्या वर. एजवूडचे लोक शंभर डॉलरच्या मालमत्तेवर १ डॉलर ५ सेंट कर भरत होते. अलामो हाइट्सचे लोक भरत होते ८५ सेंट. म्हणजे गरिबांनी स्वतःवर जास्त दराने कर लावून घेतला होता. राज्याच्या किमान शिक्षण योजनेतला आपला वाटा भरल्यावर त्यांच्या हाती उरले मुलामागे २६ डॉलर. कमी दराने भरणाऱ्यांच्या हाती उरले ३३३. राज्याने ही दरी बुजवायला हवी होती. राज्याने एजवूडच्या मुलामागे २२२ डॉलर दिले आणि अलामो हाइट्सच्या मुलामागे २२५. श्रीमंताला तीन डॉलर जास्तच. केंद्राची मदत मिळून एजवूडची बेरीज झाली ३५६, अलामो हाइट्सची ५९४. मुलामागे २३८ डॉलरची तूट म्हणजे २२,००० मुलांच्या मागे दरसाल बावन्न लाखांवर डॉलर, आणि तेही १९६८ चे डॉलर.

मग एजवूडने कर आणखी वाढवावा, असं कुणी म्हणेल. त्याचाही हिशेब न्यायालयापुढे आला. काउंटीतल्या सर्वांत जास्त उत्पन्नाच्या डिस्ट्रिक्टशी बरोबरी करायची, तर अलामो हाइट्सला शंभरामागे ६८ सेंट पुरत होते. एजवूडला ५ डॉलर ७६ सेंट लावावे लागले असते. टेक्सासच्या कायद्याने कराची कमाल मर्यादा होती दीड डॉलर. म्हणजे एजवूडच्या लोकांनी घरदार विकायची तयारी केली असती, तरी कायद्याने त्यांना बरोबरी करता आली नसती.

याचा शिक्षकांवर काय परिणाम झाला? एजवूडच्या पगाराच्या तक्त्यातला सर्वांत मोठा आकडा अलामो हाइट्सच्या सर्वांत मोठ्या आकड्याच्या जेमतेम ८० टक्के होता. ऐकायला हा फरक मोठा वाटत नाही. पण १९६८-६९ साली अलामो हाइट्सच्या शंभर टक्के शिक्षकांकडे महाविद्यालयीन पदवी होती, एजवूडमध्ये ८०.०२ टक्क्यांकडे. नियमित प्रमाणपत्र नसताना तात्पुरत्या परवान्यावर शिकवणारे अलामो हाइट्समध्ये ११ टक्के होते, एजवूडमध्ये ४७ टक्के. जवळजवळ दर दुसऱ्या वर्गात असा शिक्षक. बारा वर्षं शाळेत जाणाऱ्या मुलाला त्यांतली साडेपाच वर्षं, सरासरीने, पूर्ण पात्रता नसलेल्या माणसाच्या हाताखाली काढावी लागणार होती. पगारातला वीस टक्क्यांचा फरक वर्गात पोचेपर्यंत अपुऱ्या पात्रतेच्या शिक्षकांच्या प्रमाणात चौपट होतो, हे मला या सगळ्या प्रकरणातलं सर्वांत महत्त्वाचं गणित वाटतं. न्यायमूर्ती थरगुड मार्शल यांनी आपल्या भिन्नमतपत्रात हे आकडे नोंदवून ठेवले. भिन्नमतपत्रातच, कारण २१ मार्च १९७३ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी रॉड्रिग्ज यांच्या विरोधात निकाल दिला. शिक्षण हा संघराज्याच्या घटनेने दिलेला मूलभूत हक्क नाही, असं बहुमत म्हणालं. एका मताने.

त्यानंतर लढाई राज्याराज्यांच्या न्यायालयांत गेली. टेक्सासच्याच सर्वोच्च न्यायालयात १९८९ साली एजवूड पुन्हा उभं राहिलं आणि या वेळी नऊच्या नऊ न्यायाधीश त्याच्या बाजूने होते. तोवर दरी आणखी फाकली होती. राज्यातल्या सर्वांत श्रीमंत डिस्ट्रिक्टमध्ये एका मुलामागे १ कोटी ४० लाख डॉलरची मालमत्ता होती, सर्वांत गरिबात सुमारे २०,००० ची. सातशेला एक. सर्वांत गरीब शंभर डिस्ट्रिक्ट शंभरामागे सरासरी साडेचौऱ्याहत्तर सेंट कर लावून मुलामागे २,९७८ डॉलर खर्च करत होती. सर्वांत श्रीमंत शंभर ४७ सेंट लावून ७,२३३. १९९३ मध्ये श्रीमंत डिस्ट्रिक्टांकडून काढून गरिबांना देण्याचा कायदा झाला. आता त्या कायद्याखाली सर्वांत जास्त भरणा करणाऱ्यांत ऑस्टिन शहराचं डिस्ट्रिक्ट आहे, कारण तिथल्या जमिनीचे भाव आभाळाला भिडले आहेत.

शहराच्या शाळांना पुरेसा पैसा मिळावा म्हणून न्यूयॉर्क राज्यावर भरलेला खटलाही १९९३ सालचाच. मधल्या एका न्यायालयाने २००२ साली असंही ठरवलं होतं की आठवी-नववीपर्यंतचं शिक्षण दिलं की राज्याची घटनात्मक जबाबदारी संपते. २००३ मध्ये वरच्या न्यायालयाने ते फिरवलं. खटल्याचे मुख्य वादी रॉबर्ट जॅक्सन त्या वर्षी मॅनहॅटनहून राजधानी आल्बनीपर्यंत दीडशे मैल पायी चालत गेले. खालच्या न्यायालयाने वर्षाला ५६० कोटी डॉलर वाढवून द्यायला सांगितले होते. २००६ च्या अंतिम निकालात किमान रक्कम १९३ कोटींवर आली. पुढे राज्याने जे सूत्र मान्य केलं त्याचे पूर्ण पैसे मिळाले ते २०२३-२४ मध्ये. खटला दाखल झाला त्या वर्षी नोकरीला लागलेली शिक्षिका तोवर तीस वर्षं शिकवून निवृत्त होण्याच्या वयाला आली.

आज न्यूयॉर्क शहराचा तक्ता पूर्वीसारखा केविलवाणा नाही, हे सांगायलाच हवं. २०२३ च्या करारानुसार नव्या शिक्षकाचा पगार ६१,०७० वरून ७२,३४९ पर्यंत जाणार आहे आणि सर्वांत मोठा २०२७ पर्यंत १,५१,२७१ वर. शिकागो, बॉस्टन यांसारख्या शहरांचे सरासरी पगार आसपासच्या कित्येक उपनगरांपेक्षा वरचढ आहेत. या शहरांकडे मोठाल्या इमारती आहेत, व्यापार आहे, आणि ताकदवान संघटना आहेत. सगळी शहरं मार खातात आणि सगळी उपनगरं मजेत आहेत, असं सरसकट म्हणता येत नाही. ज्या शहरांचे कारखाने गेले, घरांच्या किमती बसल्या आणि ज्यांच्या भोवती सधन उपनगरांचं कडं आहे, त्यांची गोष्ट मात्र अजून एजवूडचीच आहे.

फिलाडेल्फियाच्या पश्चिम कडेला सिटी अव्हेन्यू नावाचा रस्ता आहे. अलीकडे शहर, पलीकडे लोअर मेरियन. २००२-०३ मध्ये शहरात एका मुलावर सुमारे ९,३०० डॉलर खर्च होत होते आणि रस्ता ओलांडला की १७,२०० वर. पेन्सिल्वेनियात अशी ५०० डिस्ट्रिक्ट आहेत. गरीब डिस्ट्रिक्ट आणि पालक यांनी नोव्हेंबर २०१४ मध्ये राज्यावर खटला भरला. ७ फेब्रुवारी २०२३ रोजी न्यायाधीश रेने कोन जुबेलिरर यांनी ७८६ पानांचा निकाल देऊन सगळी व्यवस्था राज्यघटनेविरुद्ध ठरवली. पुढच्या जानेवारीत राज्याच्या आयोगाने तूट मोजली: ५०० पैकी ३८७ डिस्ट्रिक्टांना मिळून वर्षाला ५४० कोटी डॉलर कमी पडतात. देशाच्या सरासरी पगाराने हे ७५,००० शिक्षकांचे वर्षभराचे पगार होतात. तूट सात वर्षांत भरून काढावी असं आयोगाने सुचवलं. सारखे हप्ते केले तर दरसाल ७७ कोटींची भर पडायला हवी. २०२४-२५ च्या पहिल्या हप्त्यात या कामी सुमारे ५० कोटी आले. खटला दाखल झाला तेव्हा पहिलीत असलेलं मूल २०२६ मध्ये बारावी होऊन शाळेबाहेर पडतं, आणि सगळं ठरल्याप्रमाणे झालं तरी सातांपैकी पाच हप्ते तेव्हा यायचे असतात.